एक्क्याण्णव घरांची काठी

गावच्या सहकारी सोसायटीत आमच्या घराचा नंबर बावीस होता. दाराच्या चौकटीवर उजव्या अंगाला गेरूनं काढलेला तो आकडा अण्णांच्या हातचा होता, म्हणजे माझ्या वडिलांच्या. गावातल्या सगळ्याच दारांवर त्यांनीच आकडे घातले होते, कारण सोसायटीचे सेक्रेटरी ते होते आणि त्यांच्याइतकं वळणदार अक्षर दुसऱ्या कुणाचं नव्हतं. गाव टेकाडाभोवती हातातल्या कड्यासारखं गोल वसलेलं. चेअरमनच्या दारापासून एक सुरू व्हायचा, टेकाडाला वळसा घालत घालत आकडे वाढत जायचे, आणि ओढ्याच्या अंगाला असलेल्या बौद्ध वस्तीत ऐंशीपासून एक्क्याण्णवपर्यंतची घरं यायची. एक्क्याण्णवच्या पुढं थोडी मोकळी जागा, एक कोरडा पडलेला आड, आणि पुन्हा चेअरमनचं दार. मी हे एवढं सविस्तर सांगते आहे, कारण पुढं जे घडलं ते या गोल आकारामुळं आणि या आकड्यामुळं घडलं. आणि माझ्यामुळं.

मी त्या गावात जन्मले, पण वाढले हैदराबादला मामांकडं. तिथं इंग्रजी शाळेत होते. मामांची बदली लांब उत्तरेला झाली आणि मला गावी पाठवण्यात आलं, ते नेमकं दुष्काळात. मी आले तेव्हा शेतं भाजल्यासारखी होती. युसूफ वडगावच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर बायका खडी फोडत बसलेल्या असायच्या. घरात गावची ज्वारी नव्हती, रेशनचा लाल मिलो होता, परदेशातून आलेली हलकी ज्वारी. त्याची भाकरी थापताना आईच्या हातात तुटायची आणि आई तव्यावरच तुकडे जुळवून ती भाजायची. मला ती भाकरी गिळवत नसे, पण तसं मी कधी म्हटलं नाही. त्या घरात मी पाहुण्यासारखी होते आणि पाहुण्यानं चवीबद्दल बोलायचं नसतं, अशी माझी समजूत होती. माझं मराठी पुस्तकी आणि अडखळतं होतं. मराठी आकडे तर मला नीट येतच नव्हते. एकोणसत्तर म्हटलं की मी मनात हिशोब करून मग मान डोलवायची. शेजारच्या बाया मला ‘मेमसाब’ म्हणायच्या. त्यात राग नव्हता, पण मला ते लागायचं, आणि मी आणखी कमी बोलायची.

आमच्या घरासमोर शाळा होती. सकाळी तिथली पोरं पाढे म्हणायची, एका सुरात, शेवटचा शब्द लांबवत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो गजर आत यायचा, जात्याच्या आणि रहाटाच्या आवाजात मिसळून जायचा. मी ते गाणं म्हणून ऐकत असे. त्यात आकडे आहेत, याकडं माझं लक्षच नव्हतं. आमच्या इंग्रजी शाळेत पाढे बारापर्यंत होते आणि प्रत्येक पाढा बारापाशी संपायचा. बारा बारा एकशे चव्वेचाळीस झालं की पुस्तक मिटायचं. पुढं काही आहे असं कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

गणित मात्र मला आवडायचं. विशेष आवडायचे ते कुणालाच भागू न देणारे आकडे. मराठीत त्यांना मूळ संख्या म्हणतात, हे मला फार पुढं कळलं. तेव्हा ते मला माझ्या नात्यातले वाटत. सतरा, एकोणतीस, त्रेपन्न. कुणाच्या पाढ्यात न येणारे, आपापले उभे असलेले. हैदराबादला आमच्या गणिताच्या बाईंनी एकदा फळ्यावर एक वर्तुळ काढून दाखवलं होतं. वर्तुळावर अकरा ठिपके आणि एक उडी ठरवलेली, दोनची, तीनची, चारची, कितीचीही. त्या उडीनं फिरत गेलं की प्रत्येक ठिपक्यावर पाय पडतोच, एकही सुटत नाही आणि सगळे झाल्याशिवाय पहिल्यावर परत येताच येत नाही. का, तर अकराला कुणी भागत नाही. मला ते इतकं सुंदर वाटलं होतं की त्या दिवशी मी डबा खायला विसरले.

त्या वर्षी जनावरांना काही उरलं नव्हतं. कडबा संपला, बांधावरचं गवत संपलं, बाभळीच्या शेंगा संपल्या. सहकारी साखर कारखान्यानं तेवढं सोसायटीला रोज एक गाडी वाढं द्यायचं कबूल केलं. वाढं म्हणजे उसाचा वरचा हिरवा शेंडा. पहिल्या दिवशी त्याचे एक्क्याण्णव वाटे केले, तर एकेका घराला काखेत मावेल एवढं आलं आणि वाटे करताना दोघांची डोकी फुटली. मग ठरलं की रोज एका घराला सगळी गाडी द्यायची. मृगापर्यंत साधारण तेवढेच दिवस होते, सगळ्यांची एकेक पाळी होईल. पाळीसाठी गावात काठीची रीत होतीच. राखणीची पाळी असो की मंदिराच्या झाडलोटीची, एक घुंगरू बांधलेली काठी दारोदार फिरायची. ज्याच्या दाराशी काठी, त्याची पाळी. काम झालं की त्यानं ती पुढच्या दाराशी नेऊन टेकवायची.

पण पुढचं दार म्हणजे एकच्या पुढं दोन, दोनच्या पुढं तीन. आणि कारखान्याचा ऊस मृगापर्यंत पुरेल याची खात्री कुणी देत नव्हतं. म्हणजे शेवटच्या घरांच्या वाट्याला काठी येईल तेव्हा गाडी येणं बंद झालेलं असणार. यावरून आमच्या ओसरीत सभा भरली. मी आतल्या दाराच्या फटीतून बघत होते.

“उलटं फिरवा की मग काठी,” वस्तीतला एकजण अंगणातून म्हणाला. “एक्क्याण्णवपासून एकाकडं.”

“कावून? आमच्या बैलांनी काय पाप केलंय?” पुढच्या, चेअरमनच्या आळीतला कुणीतरी उसळला.

“अन आमच्या जनावरांनी काय केलंय?”

“चिठ्ठ्या टाका!”

“चिठ्ठ्या कोन लिवनार? तूच ना बे? मग झालंच तर.”

चेअरमनकाका तक्क्याला टेकून हसत होते. पांढरं धोतर, पानानं रंगलेले ओठ. त्यांना ओरडावं लागत नसे. आई माझ्या मागं उभी होती. मी तिच्या कानात पुटपुटले, “काही घरं सोडून सोडून नेली तर? उडीनं?” एवढंच. पण आईनं मला हाताला धरून सरळ उंबऱ्यावर उभं केलं. “ऐका हो, पोरगी काय म्हंतीय बघा.”

सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली. पुढची दोन मिनिटं मी कशी बोलले ते मला आठवत नाही, पण काय बोलले ते शब्दनशब्द आठवतं. काठी शेजारच्या दारी न देता ठरावीक घरं पुढं न्यावी. म्हणजे ती पहिल्या आठ-दहा दिवसांतच पूर्ण गावातून फिरेल, वस्तीतही जाईल आणि फिरत राहील. एक्क्याण्णवला कशानंच भाग जात नाही. त्यामुळं सगळ्या घरांना शिवल्याशिवाय ती पहिल्या घरी परत येऊच शकत नाही.

मी ते तपासलं होतं. खरंच तपासलं होतं. दोननं जात नाही. तीननं नाही, कारण नऊ आणि एक दहा. पाचनं नाही. सातसाठी मी सातचा पाढा मनात म्हटला, शेवटपर्यंत, सात बारा चौऱ्याऐंशी. एक्क्याण्णव आला नाही. अकराचा अठ्ठ्याऐंशी, मग नव्व्याण्णव. संपलं.

“कितीची उडी घ्यायची मग?” चेअरमनकाकांनी विचारलं.

“कितीचीही,” मी म्हणाले.

“मग सातची घ्या. वारबी सातच हायेत.” ते अण्णांकडं वळले. “लिवा सेक्रेटरी. तुमची मेमसाब म्हंती तसं. हैदराबादचं गनित हाय.”

लोक हसले, पण कौतुकानं. अण्णा ठराव लिहीत होते. त्यांचं पेन मध्येच थांबलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग चेअरमनकाकांकडं, मग खाली कागदाकडं, आणि पेन पुन्हा चालू लागलं. मला वाटलं, माझ्या अभिमानानं त्यांचं मन भरून आलं असावं.

काठी फिरू लागली. एक, आठ, पंधरा, आणि चौथ्या दिवशी बावीस, आमचं घर. आमच्या अंगणात वाढ्याची गाडी रिकामी झाली तेव्हा हिरवा, गोडसर वास साऱ्या घरात भरला. कित्येक महिन्यांनी नाकाला असा काही वास आला होता. बैल दावं तोडायला बघत होते. आई हसली. मी आल्यापासून तिला हसताना प्रथमच पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सोजराबाई आली. वस्तीतलं शहाऐंशी नंबरचं घर तिचं. नवरा धरणाच्या कामावर लांब गेलेला, घरात ती आणि एक गाभण गाय. ती अंगणातच थांबली, ओसरीची पायरी चढली नाही. आईनं तिला चहा दिला तो कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या कानतुटक्या कपातून. मी ते पाहिलं. असं बरंच काही मी त्या दिवसांत पाहायची आणि गप्प बसायची. त्याला तेव्हा मी माझा स्वभाव म्हणत असे.

“अक्का,” ती मला म्हणाली. मला तोवर अक्का कुणी म्हटलं नव्हतं. “माझा भाऊ आलाय. पालीच्या धरणाकडं ढोरं नेतोय हाकत. तिथं अजून पानी हाय, काठाला हिरवं हाय. म्हंतो, तुझी गाय दे, संगं नेतो. उद्या निघतोय. देऊ का नगं?”

“मला काय विचारता?”

“काठीचं तुलाच ठावं ना. येती का माझ्या दारी? मला एकटीला ती गाय हाय. येती म्हनलीस तर ठेवीन. गाभण हाय, तीन दिसाची चाल तिला झेपती का न्हाई, ह्याचीबी भीती वाटती.”

ती माझ्या तोंडाकडं बघत होती. उन्हानं तिच्या भुवयांवर पांढरी धूळ चिकटली होती. त्या गावात माझं मत कुणीतरी पहिल्यांदा मागत होतं. मला फक्त मोजायचं होतं. सात-सात पुढं जात तेरा वेळा मोजलं असतं, अंगणात बोटानं रेघा मारल्या असत्या, तर सगळं तिथंच कळलं असतं. पण ज्याची खात्री आहे ते मोजायचं कशाला? उलट, मोजून बघणं मला कमीपणाचं वाटलं असतं.

“येते,” मी म्हणाले. “त्या आकड्यातून कुणी सुटत नाही. या फेरीत नाही आली तर पुढच्या फेरीत. महिन्याच्या आत. तुम्ही थांबा.” महिना हाही मी न मोजताच म्हणाले.

“थांबू?”

“थांबा.”

तिनं कप विसळला, जिथला तिथं पालथा घातला आणि गेली. तिचा भाऊ दुसऱ्या दिवशी तिच्या गायीशिवाय गेला.

तेराव्या दिवशी काठी वस्तीत पोचली, पंच्याऐंशीला. म्हणजे सोजराबाईच्या अगदी शेजारच्या दारी. मधल्या दिवसांत ती छपराचं जुनं पाचट उपसून गायीला घालत होती, हे मला आईकडून कळलं. शेजारी गाडी रिकामी होताना ती दारात उभी होती म्हणे. शेजारी आली म्हणजे आपल्याकडंही येणार, असंच तिला वाटलं असणार. चौदाव्या दिवशी सकाळी मी दळण घेऊन निघाले, तर काठी चेअरमनच्या दाराशी टेकलेली. घुंगरू वाऱ्यानं हलत होतं.

मी तिथंच उभी राहिले. आधी वाटलं, कुणीतरी चुकलं. पंच्याऐंशीवाल्यानं नीट मोजलं नसेल. मग मी मोजलं. शहाऐंशी, सत्याऐंशी... एक्क्याण्णव म्हणजे सहा, आणि सातवं हे दार. बरोबर होतं. मग एक्क्याण्णवापासून सात मागं मोजले आणि चौऱ्याऐंशीपाशी थांबले. चौऱ्याऐंशी. सात बारा चौऱ्याऐंशी. त्यात आणखी एकच सात मिळवायचा होता.

घरी परत आले तेव्हा शाळेतली पोरं ओरडत होती. रोजच्यासारखीच. मी खिडकीशी उभी राहून प्रथमच ते शब्द म्हणून ऐकलं. तेरी चोक बावन्न. तेरी पाचे पासष्ट. तेरी सख अठ्ठ्याहत्तर. तेरी सत्ते एक्क्याण्णव. चौथीतल्या पोरांना येत होतं ते. त्या सभेला बसलेल्या, शाळेची पायरी चढलेल्या प्रत्येकाला येत असणार.

पुढं मी आयुष्यभर मुलांना गणित शिकवलं, आणि या आकड्याची ओळख मी एखाद्या वैऱ्याची काढावी तशी काढत राहिले. शंभराच्या आत इतका फसवा आकडा दुसरा नाही. एकपासून तेरापर्यंतचे सगळे आकडे मिळवा, एक्क्याण्णव येतो. एकपासून सहापर्यंतचे वर्ग मिळवा, तरी एक्क्याण्णवच. संत्र्यांचा चौकोनी ढीग रचला, तळाला सहा-सहाच्या रांगा आणि वर एक, की त्यात एक्क्याण्णव संत्री मावतात. तीनचा घन आणि चारचा घन मिळून तोच. इतका जोडलेला, इतक्या बाजूंनी वाटला जाणारा आकडा, आणि मी त्याला एकटा समजून बसले होते. मुलांना मी हे सारं सांगे. काठीचं कधी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी अण्णा जेवायला बसले तेव्हा मी पाणी ठेवता ठेवता विचारलं, “अण्णा, तुम्हाला तेराचा पाढा येतो?”

“तिसापर्यंत येतात. पावकी-निमकीबी येती.” त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

“मग त्या दिवशी सभेत तुम्हाला...”

“जेवून घे,” अण्णा म्हणाले.

चुलीपुढं आईचे हात थांबले. तिला काय समजलं आणि काय आधीपासून माहीत होतं, ते मी ओळखू शकले नाही. बावीस म्हणजे एक अधिक तीन वेळा सात. आमचं घर त्या तेरांतलं होतं. अण्णांनी भरसभेत लेकीला खोटं पाडायचं टाळलं, की अंगणात उतरणारी गाडी टाळायची नव्हती? चेअरमनला दुखवायला ते घाबरले, की मला? मी हे प्रश्न त्यांना नंतर कधीच विचारले नाहीत. ते गेले तेव्हा मी त्यांच्या उशाशी होते, तेव्हाही नाही. आता माझं वय त्यांच्या शेवटच्या वयापेक्षा जास्त आहे, आणि अजून मी कधी एक उत्तर धरते, कधी दुसरं.

दुसऱ्या दिवशी आमच्या गंजीतलं उरलेलं वाढं मी पेंढीत बांधलं आणि वस्तीत गेले. आईनं अडवलं नाही, उलट पेंढी डोक्यावर चढवायला हात लावला. सोजराबाईची गाय बसली होती. बसली म्हणजे उठत नव्हती. मी तिच्यापुढं हिरवं वाढं टाकलं. तिनं हुंगलं, एक पान तोंडात धरलं, दोनदा चावलं, आणि ते ओलं पान तसंच तोंडातून खाली पडलं.

“दातात जोर न्हाई आता तिच्या,” सोजराबाई म्हणाली.

“माझी चूक झाली,” मी म्हणाले. पुढं बोलताना माझं मराठी पार विस्कटलं. “काठी तुमच्याकडं येणारच नव्हती. कधीच नाही. तेरा घरांतच फिरणार होती ती.”

“म्हंजे?”

मला सांगता येईना. मी ओढ्यातले खडे गोळा करून तिच्या दारापुढं मातीत गोल मांडले. एक्क्याण्णव. मग सातवा खडा उचलत, सातवा उचलत फिरले. तेरा खडे हातात आले आणि बोट पहिल्या जागेवर परत गेलं. मातीत अठ्ठ्याहत्तर खडे उरले होते. शेजारच्या बाया येऊन उभ्या राहिल्या. सोजराबाई त्या खड्यांपाशी उकिडवी बसली.

“माझा कंचा?”

मी दाखवला. उचललेल्या खड्याच्या अगदी शेजारचा.

“अन तुमच्या घरचा?”

मी माझी मूठ उघडली. त्यातल्या तेरांपैकी एक.

ती काही वाईट बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, “मंग तुला मोजायचं कावून सुचावं. तुमच्याकडं येतच हुती की.”

थोड्या वेळानं तिनं मातीतला एक खडा बोटानं टोकरला. “हे तेरा झाल्यावर एक डाव आठ घरं पुढं न्हेली तर? एकच घर जास्ती. मंग फुडले तेरा येगळे येतेत का न्हाई?”

मी मांडून बघितलं. या वेळी मनात नाही, मातीत, खडा खडा हलवून. येत होते. दर फेरीला एक घर जास्त सरकवलं की सात फेऱ्यांत एकही घर सुटत नव्हतं. हे तिनं कुठल्या शाळेत न जाता, मरणाऱ्या गायीशेजारी बसून, पावघटकेत शोधून काढलं होतं.

सतराव्या दिवशी काठी आमच्या दारी आली. ती गाडी आम्ही घेतली की नाही? घेतली. बैल होते. मी लपवणार नाही. अण्णांनी त्यातली अर्धी वस्तीकडं पाठवली, कुणाला न सांगता, भिंतीकडं बघत. संध्याकाळी काठी पुढं न्यायची होती. ती नेहमी अण्णा नेत. मी खुंटीवरची ओढणी घेतली, काठी उचलली आणि दारात उभी राहिले. अण्णा खाटेवर बसून माझ्याकडं बघत होते. सभेत ज्या गप्प बसण्यानं त्यांनी मला चुकू दिलं होतं, त्याच गप्प बसण्यानं त्यांनी मला जाऊ दिलं.

मी घरं मोजत गेले. एकोणतिसाव्या दारात तिथला मालक वाट बघत उभा होता. मी त्याच्यापुढून गेले आणि काठी तिसाव्या दाराला टेकवली.

“ए मेमसाब!” तो मागून ओरडला. “आठ झाली! मोजता येत न्हाई का?”

मी वळले. “तुमची पाळी झालीये, काका,” मी म्हणाले. “तीसवाल्यांची नाही झाली. वस्तीत खडे मांडलेत. जाऊन बघा.”

तो गेला, भांडायच्या तयारीनं गेला. त्याच्यामागं आणखी लोक गेले. दुसऱ्या दिवशी दिवसभर वस्तीतल्या त्या खड्यांभोवती माणसं होती. जो तो आपला खडा शोधत होता. ते पाहिल्यावर अठ्ठ्याहत्तर घरांना कुणी काही समजावून सांगायची गरज उरली नाही. चेअरमनकाकांनी ठरावातला सात हा आकडा वाचून दाखवला म्हणतात. कुणी ऐकलं नाही.

काठी तीसवरून सदतीसला गेली, मग चव्वेचाळीस, एक्कावन्न. मी रोज ती कुठं आहे ते बघून यायची. ती एकोणऐंशीला पोचायच्या आदल्या दिवशी सोजराबाईची गाय मेली. वासरू पोटातच होतं.

दोन दिवसांनी काठी तिच्या दारी आली. मला जायचं नव्हतं, तरी गेले. गाडी उभी होती, गाडीवान विचारत होता, “बाई, टाकू का? तुमाला तर जनावरच न्हाई आता.”

“टाक,” सोजराबाई म्हणाली. “माझी पाळी हाय.”

रिकाम्या खुंट्यापुढं सगळी गाडी उतरली. तिनं वस्तीतल्या बायांना हाका मारल्या आणि पेंढ्या बांधून घरोघर दिल्या. शेवटची पेंढी संपली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तिनं हात झाडले, काठी उचलली आणि माझ्याकडं बघितलं.

“चल. तू मोज. मोठ्यानं मोज. मनातल्या मनात नगं.”

आम्ही निघालो. ती पुढं, काठी खांद्यावर, मी मागं. “एक,” मी सत्याऐंशीच्या दारापाशी म्हणाले. “ऐकू नाय आलं,” ती मागं न बघता म्हणाली. “दोन!” दारांत माणसं उभी राहिली. तीन, चार, आणि पाचला वस्ती संपली. मोकळी जागा ओलांडून आम्ही पुढच्या आळीत शिरलो. वस्तीतली बाई त्या रस्त्यानं अशी मधून चालताना मी कधी पाहिली नव्हती. ती नेहमी कडेनं जायची. चेअरमनकाका ओट्यावर बसले होते. घुंगराच्या आवाजानं त्यांनी मान वर केली आणि आपण होऊन हात पुढं केला, जणू काठी घ्यायलाच.

“आली का?” ते म्हणाले.

सोजराबाई थांबली नाही. ते माझ्याकडं बघत होते, नेहमीसारखं हसून, त्या सभेत बघितलं होतं तसंच. मी त्यांच्या दारावरच्या गेरूच्या आकड्याकडं पाहिलं, अण्णांच्या वळणदार अक्षरातल्या, आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणाले, “सहा.”

आणि आम्ही पुढं गेलो.